क्लच घसरतो, बिल चढतं

मोटारसायकल लातूरची एमएच 24 असो की नांदेडची एमएच 26, स्वस्तातल्या 'लोकल' क्लच प्लेटा टाकल्या की बालाघाटाच्या चढावर इंजिन बोंबलतं, गाडी मात्र जागची हलत नाही. मिस्त्री म्हणतो, "स्प्रिंगा बदलू." बदलतात. घसरण तशीच!

क्लचच्या केबलला मोकळीक आहे का, हे कुणी बघत नाही. बऱ्याच गाड्यांना लिव्हरच्या टोकाशी 10 ते 15 मिलिमीटर लागते. पण ती तपासायचं बिल कसं फाडणार?

त्यात मालकाने मेव्हण्याच्या कारचं उरलेलं ऑइल ओतलेलं. मोटारसायकलचा क्लच बहुतेकदा इंजिनच्याच ऑइलात बुडालेला असतो आणि कारच्या ऑइलात बऱ्याचदा घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात. म्हणून डब्यावर ऑइलात बुडालेल्या क्लचसाठीचं 'जासो एमए' मानांकन लिहिलेलं हवं. नांदेड-लातूरकडे डब्यावरचा भाव तेवढा वाचतात.