हुलगे, पानफुटी आणि अर्धा ग्लास पाणी

पुण्यात ताप आला तर माणूस डॉक्टरकडे जातो. मुतखडा झाला तर आधी सोसायटी जमते. माझा सोनोग्राफीचा रिपोर्ट पाकिटात परत जायच्या आत तळमजल्यावरच्या काकूंनी पानफुटीची पानं पाठवली, वरून हुलग्याचं कढण उतरलं, आणि बायको भाजी आणायला बाहेर पडल्यावर सेक्रेटरींनी कानात सांगितलं, "खरा उपाय बिअर!" खडा चार मिलिमीटरचा, सल्ले चारही मजल्यांचे.

डॉक्टरांनी बिअरही खोडली आणि सेक्रेटरींचा दुसरा सल्लाही, म्हणजे 'दूध बंद.' दुधातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून बाहेर काढतं. दूध सोडलं तर ते ऑक्झलेट मोकळं होऊन मूत्रपिंड गाठतं. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचेच असतात. पाच मिलिमीटरच्या आतले खडे बहुधा आपणहून पडतात; मात्र दुखण्याबरोबर थंडी-ताप आला किंवा लघवी बंद झाली, तर कढण बाजूला ठेवून थेट हॉस्पिटल गाठायचं.

मग पथ्याचा कागद हातात आला. पालक, अळू, बीट, शेंगदाणे, राजगिरा, रताळी बेतानं, मीठ कमी. म्हणजे पंगतीतलं अळूचं फदफदं गेलं. अळूनं घसा खवखवतो तो याच ऑक्झलेटच्या सुयांनी, हे कळल्यावर आजवरच्या सगळ्या कार्यालयांतल्या आचाऱ्यांकडे मी संशयानं पाहू लागलो. आणि एकादशी! दाण्याचं कूट, राजगिऱ्याची वडी, रताळ्याचा कीस: उपासाचं ताट म्हणजे ऑक्झलेटचं स्नेहसंमेलन. दुप्पट खाल्ल्याचा हिशेब विठोबा ठेवत नसेल, पण मूत्रपिंड ठेवतं.

पूर्वी हे प्रकरण भलतंच गंभीर होतं. सुश्रुतानं अश्मरीची, म्हणजे खड्याची, शस्त्रक्रिया सांगितली आहे, पण हातात शस्त्र घेण्यापूर्वी राजाची परवानगी घ्यावी असंही बजावलं आहे. आता राजाच्या जागी विमा कंपनी आहे आणि मंजुरी यायला तेवढाच वेळ लागतो. मोठा खडा बाहेरून लहरी मारून फोडण्याचं यंत्र 1980 साली म्युनिकमध्ये पहिल्यांदा रुग्णावर वापरलं गेलं; ते बनवलं विमानं बांधणाऱ्या डॉर्निअर कंपनीनं. माझ्या खड्याची मात्र विमानात बसण्याइतकी ऐपत नव्हती.

माझ्या वाट्याला आलं पाणी. लघवी दोन-अडीच लिटर होईल, फिकट दिसेल इतकं, आणि त्यात लिंबू पिळलं तर उत्तम. सांगायला सोपं. काही वर्षांपूर्वी टंचाईच्या नावाखाली इथल्या हॉटेलांत अर्धाच ग्लास पाणी द्यायची पद्धत पडली. ती पुण्याच्या स्वभावाला इतकी मानवली की टंचाई सरली तरी काही ठिकाणी ग्लास भरला नाही. लक्ष्मी रोडवर साडीखरेदीला निघालेल्या बायका तर सकाळपासून घोट घेत नाहीत, कारण वाटेत जायचं कुठं? यात विनोद करण्यासारखं काही नाही. माझ्या भाच्याची पाण्याची बाटलीही शाळेतून भरलेलीच परत येते आणि कारण तेच: तिथलं स्वच्छतागृह. वर मधल्या सुट्टीत खारट वेफर्स. मुलांनाही खडे होतात, आणि झाले तर डॉक्टर घराण्याचा इतिहास आणि चोवीस तासांची लघवी तपासायला सांगतात, कारण मूळ दोष कधी कधी जन्मजात असतो.

खडा पडला तर तपासायला आणा, म्हणून लघवी गाळून करायची होती. तुळशीबागेतून स्वतंत्र गाळणी आली, ओळखू यावी म्हणून दांड्याला लाल दोरा बांधला. तरी चहाला येणारी मंडळी झपाट्यानं घटली.

अखेर खडा गाळणीत आला आणि श्रेयाची वाटणी सुरू झाली. वरचे म्हणाले हुलगे, सेक्रेटरींनी नुसताच डोळा मारला. मी काकूंना सांगितलं, "अहो, मी रोज तीन लिटर पाणी पीत होतो."

"हो ना," काकू म्हणाल्या, "पानं गिळायला पाणी लागतंच."