ट्रक जेटीला पोचतच नाहीत

"बाई, ऐकलंत का? माझ्या डिचोलीच्या भावाची शुगर परत अडीचशे!"

गडग्यापलीकडे वहिनी मिरच्या वाळत घालत होत्या. अडीचशे हा आकडा त्यांनी असा काही उच्चारला, की समोरून जाणाऱ्या पाववाल्या पोदेरानेही पों-पों थांबवून कान टवकारले. आमच्या पेडण्यात बातमी अशीच फुटते.

"मानकुराद आंबे किती खाल्ले?"

"एक. देवाशपथ. बायकोने मोजून दिला. चहासुद्धा बिनसाखरेचा पितो बिचारा. मी म्हणते, कोणाची तरी नजर लागलीय."

"मग ती अख्ख्या गोव्याला लागलीय," मी म्हटलं. आयसीएमआरने देशभर केलेल्या पाहणीचे आकडे 2023 साली जाहीर झाले. देशातल्या प्रौढांत मधुमेही 11.4 टक्के, गोव्यात 26.4. सगळ्या राज्यांत पहिला नंबर आपला. "चारांत एक, वहिनी."

वहिनींनी घरातली माणसं बोटांवर मोजायला घेतली, सासऱ्यांपाशी अडखळल्या आणि बोटं पदरात लपवली. "पण साखर खात नाही तर येते कुठून?"

"शीत सोडलं का त्याने?"

"शीत कसं सोडणार? माणूस आहे तो!"

इथे वाद घालण्यात अर्थ नव्हता. उकड्या तांदळाचं शीत आणि हुमण हा गोव्यात आहार नसून हक्क आहे. भाताची साखरच होते, एवढं सांगून मी पुढे गेले, कारण खरी गोम वेगळी आहे. जेवल्यावर साखर सगळ्यांच्याच रक्तात येते. निरोगी माणसात त्यातली बरीचशी दोन-तीन तासांत स्नायूंत शिरते, भावाच्या शरीरात नीट शिरत नाही. बरं, ती आपोआपही शिरत नाही. तिला आत घेणारं एक प्रथिन लागतं, त्याचं नाव ग्लूट-4. एरवी हे प्रथिन पेशीच्या पोटात, बारीक पुटिकांमध्ये बसून असतं. जेवण झालं, इन्शुलिन आलं आणि पेशीला बाहेरून टेकलं, की आत हुकूम सुटतो. पुटिका पेशीच्या कडेला जातात, तिथल्या आवरणात मिसळतात आणि साखर आत यायला लागते. इन्शुलिन ओसरलं की ग्लूट-4 परत आत. ही ये-जा 1980 साली अमेरिकेतल्या दोन प्रयोगशाळांनी स्वतंत्रपणे दाखवून दिली.

वहिनींचा हात मिरच्यांवरच थांबला. "म्हणजे खाणीवरून सारमानसच्या जेटीला ट्रक जायचे, तसं?"

उपमा त्यांची, माझी नव्हे. पण इतकी चपखल, की मी शाळेत शिकवताना वापरायला हवी होती.

"2012 साली खाणी बंद झाल्या तेव्हा भावाचा ट्रक दारात ताडपत्री घालून उभा होता. ट्रक होता, टायर होते, बँकेचा हप्तासुद्धा होता. ट्रिप तेवढी नव्हती."

"आत्ता त्याच्या स्नायूंत हेच चाललंय." टाइप टू मधुमेहात स्नायूंमधलं ग्लूट-4 फारसं कमी झालेलं नसतं. हुकूम आतपर्यंत नीट पोचत नाही, म्हणून ट्रक जेटीला जात नाहीत.

"तरीच! डॉक्टरांनी सी-पेप्टाइड का काय ती तपासणी लिहून दिली. तो म्हणाला, आणखी एक खर्च."

तो खर्च मात्र वाया गेलेला नव्हता. इन्शुलिन स्वादुपिंडात एकदम तयार होत नाही. आधी 110 अमिनो आम्लांची लांब साखळी बनते. तिच्या तोंडाशी 24 आम्लांचा एक तुकडा असतो. साखळीने पेशीतल्या कुठल्या कप्प्यात शिरायचं ते तोच ठरवतो, आणि काम झालं की कापला जातो. प्रथिनांच्या अंगावरच असा पत्ता असतो, हे दाखवणाऱ्या गुंटर ब्लोबेल यांना 1999 चं नोबेल मिळालं. पुढे साखळीला घड्या पडतात, ती गॉल्जी नावाच्या कप्प्यातून कणिकांत जाते आणि तिथे तिचा मधला भाग कापून वेगळा होतो. तो सी-पेप्टाइड. उरलेल्या 51 आम्लांचं इन्शुलिन. दोन्ही सारख्याच संख्येने रक्तात सुटतात, म्हणून सी-पेप्टाइड मोजलं की शरीर स्वतः किती इन्शुलिन बनवतंय ते कळतं.

"त्याचं चांगलं आलं होतं," वहिनी म्हणाल्या.

"म्हणजे इन्शुलिन बनतंय. जुमानत कोणी नाही."

"अगदी त्याच्या घरासारखं!" आणि वहिनींनी भावजयीच्या स्वभावाचा जो अध्याय सुरू केला, तो मी इथे छापणार नाही.

मध्येच पोदेर थांबला. वहिनींनी पाव घेतले आणि मला यीस्टची गोष्ट सांगायला निमित्त मिळालं. रँडी शेकमन यांनी पाव फुगवणारं यीस्टच घेऊन, त्याच्या बिघडलेल्या वाणांमधून पुटिकांची वाहतूक चालवणारी जनुकं शोधली. 2013 च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. पुटिका ओढणारी प्रथिनंही वेगळी असतात. त्यातलं कायनेसिन 1985 साली सापडलं. ते पेशीतल्या बारीक नळ्यांवरून अक्षरशः दोन पायांनी चालतं, एक पाऊल 8 नॅनोमीटरचं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रूप मलिक यांनी याच वाहक प्रथिनांवर काम केलं, त्याबद्दल त्यांना 2018 चा इन्फोसिस पुरस्कार मिळाला. यकृतातले चरबीचे थेंबही कायनेसिन ओढतं आणि त्याला इन्शुलिनच कामाला लावतं, हे त्यांच्याच गटाने दाखवलं.

"ते राहू दे. माझ्या भावाच्या ट्रकांचं काय?"

"त्यांना हलवायची दुसरी वाट आहे." स्नायू आकुंचन पावले की ग्लूट-4 पेशीच्या कडेला जातं, आणि त्याला इन्शुलिनच्या हुकमाची गरज नसते. टाइप टूच्या रुग्णांतही ही वाट चालू असते.

"म्हणजे चालायचं? जेवल्यावर? बाई, एक ते चार गोव्यात कुत्रंसुद्धा चालत नाही!"

"मग रात्री चाला म्हणावं."

वहिनी थोडा वेळ गप्प राहिल्या, हे विशेष. मग म्हणाल्या, "तो लईराई देवीचा भक्त, धोंड आहे. व्रतात शिरगावला चालत जातो. त्या दिवसांत शुगर खाली असते. देवीची कृपा म्हणतो."

"कृपा असेलच. पोटऱ्याही असतात."

वहिनींनी तिथल्या तिथे फोन लावला आणि ट्रक, जेटी, ताडपत्री असं सगळं भावाला ऐकवायला सुरुवात केली. मी गडग्यावरून ओरडून एवढंच घातलं: चालायला लागला म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करू नकोस, उपाशीपोटी लांब जाऊ नकोस, आणि घरात अजून ज्यांनी शुगर तपासलेली नाही त्यांनाही तपासायला घेऊन जा. तुमच्या सासऱ्यांनासुद्धा, वहिनी.