आजीच्या तोंडी घातलेलं वाक्य

श्री. निर्माते यांस,

परवा बहिणीकडे तुमच्या कार्टूनचा नवा भाग पाहिला. त्यात आजी म्हणते, "घरी ये, बाळा, मी रागावले नाही." आजीचा आवाज माझा आहे आणि हे वाक्य मी कधीही बोललेले नाही.

तुम्ही ते कुठून कुठून उचललंत तेही कानाला कळलं. 'घरी' आजी चिडते त्या प्रसंगातलं. 'ये' गच्चीवरून मारलेल्या हाकेतलं, म्हणून एवढं लांब. 'बाळा' रडतानाचं, हुंदका कापलात, पण 'ळा' ओला राहिला. आणि मूळ वाक्य होतं, "मी रागावले नाही का कधी?" तुम्ही 'का कधी' छाटलंत, त्यामुळे 'नाही' अधांतरी लटकलं, वाक्य टेकतच नाही. सत्तरीची बाई एवढं बोलताना एकदाही श्वास घेत नाही. तिला दम कुठे लागतो, ती कुठे थांबते, हे मी माझ्या आजीकडे बघून बसवलं होतं. तुमच्या कात्रीने आधी तेच काढून टाकलं.

बहिणीच्या सहा वर्षांच्या लेकीने मला विचारलं, "मावशी, आजी रडतेय की रागावलीय?" तिला काय सांगू, ते तुम्हीच कळवा.

फोन केला तर उत्तर मिळालं, "रेकॉर्डिंग आमचं, पैसे दिलेत." पैसे मी बोललेल्या वाक्यांचे दिलेत. 2012 च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम 38ब आलं. वेळेत बसवायला तुकडा कापलात तर ते चालवून घेतं. कलाकाराच्या नावाला बट्टा लागेल अशी मोडतोड केलीत तर नाही. असं परदेशातही झालंय. नट पीटर सेलर्स 1980 साली गेला. 1982 मध्ये त्याच्या जुन्या, वगळलेल्या दृश्यांतून 'ट्रेल ऑफ द पिंक पँथर' हा चित्रपट जोडला गेला, तेव्हा त्याच्या बायकोने खटला भरला आणि जिंकला. तो निदान हयात नव्हता. मी एका लोकलच्या अंतरावर राहते. अर्ध्या तासाचं काम होतं. तेवढे पैसे वाचवायला तुम्ही माझ्याच तोंडून मला बेसूर बोलायला लावलंत.

तो भाग पुन्हा दाखवण्याआधी मला बोलवा. वाक्य मी नीट बोलून देईन. मानधन घेईन आणि श्रेयनामावलीत नावही. आठवड्यात निरोप आला नाही तर वकिलाची नोटीस येईल.

तुमच्या मालिकेतली आजी