एका विशेषणाचे मानकरी

प्राचीन भाषांच्या कुठल्याही परिषदेत कॉफीच्या टेबलापाशी हे गृहस्थ हटकून भेटतात. कोपरावर चामड्याचं ठिगळ लावलेला कोट, खिशात पेन्सिलीचं थोटूक. आपण त्यांना विशेषणराव म्हणू. ट्रॉय कसं पडलं याच्याशी त्यांना कर्तव्य नाही. 'अलाति' या एका शब्दापायी त्यांचे केस पिकले.

प्रकरण तुर्कस्तानातल्या हत्तुसाचं. तिथे सापडलेल्या मातीच्या पाट्यांवर इस्तानुवा गावच्या पूजाविधीतली, लुवियन या प्राचीन भाषेतली गाणी आहेत. एका गाण्यात कुणीतरी विलुसाहून आल्याचं म्हटलंय, आणि त्याच ओळीत 'अलाति' बसलंय. विलुसा म्हणजे होमरचं इलिओन, म्हणजेच ट्रॉय, असं बहुतेक अभ्यासक मानतात. होमर त्या इलिओनला उभ्या चढाचं म्हणतो. हार्वर्डच्या कॅल्व्हर्ट वॉटकिन्स यांनी १९८६ साली छापलेल्या लेखात दोन्ही टोकं जुळवली: 'अलाति' म्हणजे उभ्या चढाचं. म्हणजे ट्रॉयवर लुवियन भाषेतही आख्यान होतं की काय! परिषदांना पुढची कित्येक वर्षं पुरेल एवढं खाद्य मिळालं.

विशेषणराव लगेच पेपर नॅपकिन ओढतात. 'अलाति', 'विलुसाति' असं एकाखाली एक लिहून 'ति'वर अंगठा दाबून धरतात. लुवियनमध्ये तृतीया आणि पंचमी एकाच प्रत्ययात नांदतात. तेव्हा अंगठ्याखालचं सगळ्यांना मान्य. भांडण काय ते अंगठ्याबाहेरच्या 'अला'चं. ते विशेषण असेल तर विलुसा चढावर जातं. नाम असेल तर माणसं 'समुद्राहून, विलुसाहून' येतात, आणि तसं वाचणारेही आहेत. कुणी तर विलुसाचंच कुरण करून टाकलंय. कुरणाचं नाव निघालं की विशेषणरावांची कॉफी बशीत सांडते.

एकदा ते हिसार्लिकला, म्हणजे ट्रॉयच्या टेकडीवर, जाऊन आले. टेकडी बेताचीच, गाईडने आजीबाईंना गप्पा मारत वर नेलं. हे मात्र प्रत्येक वळणावर थांबून धापा टाकत होते. पुरावा म्हणून.

माझ्या मते वॉटकिन्स यांचा अर्थ देखणा आहे, म्हणूनच तो जपून घ्यावा. हे विशेषणरावांना सांगायला जाऊ नका. जेवणाला त्यांच्या शेजारी बसायची पाळी आलीच, तर मासे खुशाल मागवा. ते कुठून आले, हे मात्र विचारू नका.