चौथी सीट

परवा गोरोबाकाकांच्या देवळाजवळच्या कट्ट्यावर आम्ही तिघं ऐसपैस बसलो होतो. ऐसपैस म्हणजे मांडी घालून, मध्ये शेंगांची पुडी ठेवून. तेवढ्यात डोंबिवलीतात्या आले, समोर उभे राहिले आणि दोन बोटांनी डास हाकलावा तशी खूण करून म्हणाले, "जरा सरका."

कट्टा निदान वीस माणसांचा. उरलेल्या सतरा माणसांच्या जागेत एक कुत्रं झोपलेलं. पण तात्यांना ती जागा दिसत नाही. तीन माणसं ओळीनं बसलेली दिसली की त्यांना फक्त चौथी जागा दिसते. आम्ही सरकलो. शेंगा सांडल्या. तात्यांनी वीतभर दगडावर अर्धं अंग टेकलं, उरलेलं अर्धं हवेत ठेवलं, एक पाय पुढं ताणून तोल धरला आणि माझ्या मित्राला विचारलं, "कुठं उतरणार?"

हा माणूस तुमच्याही गावात आहे. मुंबईत नोकरी करून रिटायर झाला, ओढीनं गावी परतला आणि आल्या दिवसापासून गावाला मुंबईच्या मापानं मोजतोय. कुणाच्या गावाला गिरगाव मिळतो, कुणाच्या गावाला लालबाग. आमच्या तेरच्या वाट्याला मध्य रेल्वे आली. तात्यांनी एकतीस वर्षं डोंबिवली ते व्हीटी ये-जा केली (सीएसएमटी म्हटलेलं त्यांना कळतं, पण ते म्हणत नाहीत) आणि त्यातली बहुतेक चौथ्या सीटवर.

लोकल न पाहिलेल्यांसाठी सांगतो. डब्यातलं बाक तिघांचं. चौथा येतो, "सरका" म्हणतो, तिघं श्वास आत घेतात आणि कडेला जी काही पट्टी उरते ती चौथी सीट. त्याला नाही म्हणायचं नाही, असा कुठंही न लिहिलेला कायदा आहे. बसल्यावर चौथ्यानं बाकीच्यांना "कुठं उतरणार?" विचारायचं. एखादा घाटकोपर म्हणाला की तोवर मांडीला मुंग्या येऊ द्यायच्या, मग आत सरकायचं. साधं गणित आहे. तात्यांनी ते आमच्या तेरला लावलं.

एका लग्नात नवरा, नवरी आणि करवली सोफ्यावर बसलेली. आहेर द्यायला गेलेले तात्या करवलीला म्हणाले, "सरक गं बाळ." फोटोत तात्यांचा अर्धाच भाग आहे. नवरीला त्यांनी सवयीनं विचारलं, "कुठं उतरणार?" बिचारी आधीच रडवेली होती. पुढं एका दवाखान्यात बाकावरच्या नव्वदीच्या आजोबांना तेच विचारलं. आजोबांनी वर बोट दाखवलं. तात्या म्हणाले, "मग मी थांबतो."

त्यांची हार फक्त एकदा झाली, ढोकीला जाणाऱ्या काळीपिवळीत. पुढच्या सीटवर आधीच तिघं होते. तात्यांनी खिडकीतून "सरका" म्हटलं, ते सरकले, तात्या शिरले. मग त्यांनी पलीकडं पाहिलं, तर ड्रायव्हर अर्धा दाराबाहेर लोंबकळत गाडी हाणतोय. गाडीचा मालकच चौथ्या सीटवर! तात्यांनी त्याला हात जोडले. "असला माणूस आमच्या कल्याणलाही नाही," म्हणाले.

गावाचा इतिहासही त्यांनी या बाकावर बसवून घेतलाय. तेर म्हणजे जुनं तगर. दोन हजार वर्षांपूर्वीच्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासपुस्तकात भडोचहून पैठण वीस दिवसांवर आणि तिथून पूर्वेला तगर दहा दिवसांवर सांगितलंय. लामतुरे संग्रहालयात पाहुण्यांना मी हे मोठ्या ऐटीत सांगत होतो. तात्या मागून म्हणाले, "दहा दिवस? सगळीकडं थांबत असणार. स्लो." १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला निघालेल्या पहिल्या गाडीवरही त्यांचा राग आहे. चौदा डबे, चारशे माणसं. "म्हणजे डब्याला तीसपण नाहीत! सगळे पसरून गेले. याला काय गाडी म्हणायची?"

आणि गोरोबाकाकांची ती गोष्ट. संत ओळीनं बसलेत, काका थापटणं घेऊन एकेकाचं डोकं ठोकून पाहतायत, नामदेवांना राग येतो आणि ते कच्चं मडकं ठरतात. आमच्याकडं ही गोष्ट पोरं आईच्या मांडीवर ऐकतात. तात्यांचं निरूपण निराळं. "नामदेव नवीन होते. नवा माणूस डब्यात शिरला की त्याला धक्का लागतो आणि तो म्हणतो, धक्का का मारला? सहा महिने पावणेनऊच्या भट्टीत भाजून निघाला की तोच स्वतः सरकतो." कीर्तनकारबुवा समोरच होते. त्यांनी हसू दाबलं, पण पुढच्या एकादशीला तोच दृष्टांत स्वतःचा म्हणून खपवला.

मला या माणसाचा कंटाळा होता, हे कबूल करतो. तात्या येताना दिसले की मी पाय पसरून बसायचो. उपयोग व्हायचा नाही. ते पायावरच बसायचे.

पण गावात कोण कुठं बसतो हे उगीच ठरत नाही. पारावर कुणी बसायचं, कुणी समोर उकिडवं बसायचं आणि कुणी न थांबता पुढं जायचं, हे पिढ्यान्‌पिढ्या न बोलता चालत आलेलं. आता ते राहिलं नाही म्हणतात. म्हणणारे बहुतेक पारावर बसलेले असतात. तात्या समोर उकिडवं बसलेल्या एखाद्या म्हाताऱ्याजवळ जातात, दंडाला धरून उठवतात आणि पारावरच्या तिघांना म्हणतात, "जरा सरका." नाकं मुरडतात, पण सरकतात. खाली बसायचंय कुणाला? एकदा एकानं विचारलंच, "तात्या, हे कोण, ठाऊक हाय ना तुमाला?" तात्या म्हणाले, "डब्यात आडनाव विचारत नाहीत. कोपर आत घे म्हणतात."

आमच्याकडं दोन चुलतभाऊ आहेत. बांधावरून अकरा वर्षं कोर्टात चाललेत. बोलणं बंद. चहाच्या टपरीवर ते एकाच बाकाच्या दोन टोकांना बसतात आणि मधोमध तिसरा कुणीतरी लागतो. त्या दिवशी मी होतो. तात्या आले. "सरका." मी सवयीनं सरकण्याऐवजी चुकून उठलो, तात्या टोकाला घुसले आणि दोघं भाऊ मांडीला मांडी लावून बसले. टपरी गप्प.

"कुठं उतरणार?" तात्यांनी थोरल्याला विचारलं.

"धाराशिवला. तारीख हाय."

"आन् तू?"

"माजी बी तीच हाय की."

"मग एकाच गाडीनं जा. डिझेल काय फुकट आहे?"

गेले नाहीत. पण चहाचे पैसे कुणी द्यायचे यावरून तिथंच कचाकचा भांडले. अकरा वर्षांत वकिलाला मध्ये न घेता बोललेले ते पहिलेच शब्द.

त्यानंतर मी तात्यांकडं जरा नीट पाहू लागलो. बाविसाव्या वर्षी ते ढोकीहून बार्शी लाइटनं गेले. अडीच फुटी रुळांची ती गाडी कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरानं १८९७ मध्ये बार्शीला आणली आणि १९११ मध्ये ती लातूरला पोचली. कुर्डुवाडीला उतरायचं आणि मोठ्या गाडीत शिरायचं. २००८ पर्यंत इकडचे रूळ रुंद झाले, मुंबईची गाडी थेट धाराशिवहून मिळू लागली, तेव्हा तात्यांच्या परतण्याची वेळ जवळ आली होती. डोंबिवलीत पहिलं वर्षभर ते दारात लोंबकळले. मग एके दिवशी खिडकीतला एक अनोळखी माणूस शेजारच्या दोघांना म्हणाला, "सरका रे, हा रोजचा आहे." तात्या हे सांगताना आवाज चढवत नाहीत, हात हलवत नाहीत. बाकी सगळं हातवारे करून सांगतात.

गेल्या महिन्यात कसल्याशा सहीसाठी भर दुपारी त्यांच्या घरी गेलो. काकू जाऊन तीन वर्षं झाली. मुलं बदलापूरला. ओसरीवर एक लांब लाकडी बाक आहे, तात्यांनी सुताराकडून मुद्दाम करून घेतलेलं, बरोबर तिघांचं. तात्या त्याच्या कडेला अर्धे टेकून बसले होते. एक पाय पुढं ताणलेला. बाकीचं बाक रिकामं.

"तात्या, आत सरका की. कोण आहे इथं?"

त्यांनी खिडकीच्या बाजूला बोट केलं. "भायखळा." मग मधल्या जागेकडं. "कुर्ला." मग शेजारी. "घाटकोपर." त्या माणसांची नावं तात्यांनाही आठवायला वेळ लागतो. उतरायच्या ठिकाणावरूनच ओळख होती. "घाटकोपर करोनात उतरला. कुर्ला मागच्या दिवाळीला. भायखळा पोराकडं पुण्यात आहे. फोन केला तर ओळखत नाही. पण अजून उतरलेला नाही."

"मग दोन जागा झाल्या ना रिकाम्या? तुमचाच नियम."

तात्या काही बोलले नाहीत. मी खिडकीकडं बसायला गेलो.

"तिथं नको," ते पटकन म्हणाले. मग पहिल्यांदाच, जेमतेम वीतभर, ते आत सरकले आणि कडेची पट्टी तळव्यानं पुसली. "ये. बस."

मी बसलो. पाच मिनिटांत माझी मांडी बधिर झाली.

"कुठं उतरणार?" तात्यांनी विचारलं.