वजन तिचं, घाम गावाला

मार्च २०२५. दुबईत चॅम्पियन्स ट्रॉफी सुरू होती आणि काँग्रेसच्या एका प्रवक्त्यांना अचानक रोहित शर्माचं पोट दिसलं. खेळाडूच्या मानानं जाड आहे, वजन उतरवायला हवं, असं त्यांनी जाहीर लिहिलं. देश पेटला. पक्षानं पोस्ट काढायला लावली. आमच्या कर्णधाराच्या पोटाबद्दल बोलायची हिंमतच कशी होते?

पेटलेल्यांत असे कितीतरी होते, ज्यांनी वर्षानुवर्षं त्याच रोहितला 'वडापाव' म्हणून हिणवलं होतं.

९ मार्चला अंतिम सामन्यात वडापावनं ७६ धावा काढल्या, सामनावीर झाला, करंडक उचलला. पोट जिथल्या तिथं होतं.

सप्टेंबरात त्याचा नवा फोटो आला. दहा किलो उतरलेले. तोच देश, तेच अंगठे. 'वा! याला म्हणतात जिद्द!' अहो, पण मार्चमध्ये तर आहे तसाच छान होता ना?

ऑक्टोबरात एकदिवसीय संघाचं कर्णधारपद गेलं. पोट होतं तेव्हा करंडक मिळाला, पोट गेलं तेव्हा पद गेलं. यातून आरोग्याचा संदेश काय घ्यायचा, ते सुज्ञांनी ठरवावं.

मुंबईच्याच सर्फराझ खानची गोष्ट आणखी चवदार. रणजीत धावांचा ढीग, पण कसोटी संघात नाव नाही. जानेवारी २०२३ मध्ये गावसकर कडाडले. सडपातळ मुलंच हवी असतील, तर निवड समितीनं फॅशन शोमध्ये जावं, असा त्यांचा सल्ला होता. पुढच्या वर्षी राजकोटला पदार्पण झालं, बंगळुरूत दीडशे धावा झाल्या. २०२५ मध्ये पठ्ठ्यानं सतरा किलो घटवले.

मग? भारत 'अ' संघातही जागा मिळाली नाही.

तरी हे पुरुषांचं. त्यांच्या निदान धावा मोजतात.

बायकांचा धावफलक मंगल कार्यालयात लागतो. 'अगं, किती सुटलीस!' हे वाक्य आपल्याकडे नमस्काराच्या जागी वापरतात. उत्तराची अपेक्षा नसते, कारण पुढचं वाक्य तयारच असतं. 'घे गं अजून एक जिलबी, एवढ्यानं काय होतंय?'

नवी सून दोन किलो वाढली की 'सासर मानवलं हो!' पाच किलो वाढली की 'थायरॉइड तपासून घे.' आणि घटली तर आवाज खाली आणून, 'घरी जेवायला घालतात ना नीट?' वजन तिचं, सातबाऱ्यावर नावं मात्र अख्ख्या भावकीची.

आणि हे सगळं सुनावणारे काका कोण? पँट पोटाच्या वर बांधावी की खाली, हा निर्णय ज्यांना पंचेचाळिशीपासून घेता आलेला नाही, ते.

अशा गावात कुणी उभं राहून 'माझं शरीर, माझा प्रश्न, तुम्ही गप्प बसा' म्हणालं, तर टाळ्याच वाजायला हव्यात. आम्हीही वाजवतो. बॉडी पॉझिटिव्हिटी म्हणतात ती हीच. लोकांना वाटतं, इन्स्टाग्रामवर परवा उगवली. तिचं वय जवळपास साठ आहे.

१९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये काहीशे जाडी माणसं जमली. त्यांनी डाएटची पुस्तकं जाळली, ट्विगी या काडीसारख्या मॉडेलचा फोटो जाळला आणि वर आइस्क्रीम खाल्लं. दोन वर्षांनी त्यांच्या हक्कांसाठी संघटना उभी राहिली. मागण्या अगदी साध्या होत्या. वजन बघून नोकरी नाकारू नका. बसता येईल एवढी खुर्ची द्या. आणि डॉक्टरसाहेब, घसा दुखतोय म्हणून आलोय, तर आधी घसा बघा.

यात भांडण्यासारखं काय आहे? मिशिगन राज्यानं तर १९७६ मध्येच वजनावरून भेदभाव करायला कायद्यानं बंदी घातली.

आपण त्यानंतर तेहतीस वर्षांनी, २००९ मध्ये, एअर इंडियाच्या काही हवाई सुंदरींना वजन जास्त म्हणून घरी पाठवलं. त्याच कंपनीचा गोलमटोल महाराजा १९४६ पासून कंबरेत वाकून प्रवाशांचं स्वागत करतोय. त्याला कुणी काट्यावर उभं केलं नाही.

असो. चळवळ चांगली होती. मग तिला प्रायोजक मिळाला.

२००४ मध्ये डव्ह साबणानं 'खऱ्या सौंदर्या'ची मोहीम काढली. साध्यासुध्या, भरलेल्या अंगाच्या बायका जाहिरातीत झळकल्या. जग गहिवरलं. आहे तशी सुंदर आहेस, असं पहिल्यांदाच कुणीतरी सांगत होतं. सांगणारी कंपनी युनिलिव्हर. तिच्याच दुकानात त्या वेळी पुढच्या फळीवर 'फेअर अँड लव्हली' होती आणि त्याच्या शेजारी वजन उतरवायचं 'स्लिमफास्ट'.

आहे तशी सुंदर आहेस. फक्त जराशी गोरी हो आणि जराशी बारीक हो.

तेव्हापासून जाडी चालते, पण तिलाही साचा लागतो. हनुवटी एकच हवी. कंबर असावी. केस चमकावेत. बाकी वजन योग्य त्या ठिकाणी गेलेलं असावं. दोन हनुवट्यांची, केस पिकलेली, दम लागलेली बाई अजून कुठल्या लेगिंगच्या जाहिरातीत दिसली नाही. ती 'पॉझिटिव्ह' नसावी.

सिनेमाचंही तेच. २०१५ च्या 'दम लगा के हैशा'साठी भूमी पेडणेकरनं वजन वाढवलं, चित्रपटानं जाड नायिकेला मान द्यायला शिकवलं. आपण शिकलो. आणि मग पुढची कित्येक वर्षं भूमीनं ते वजन कसं उतरवलं, हे वाचत बसलो.

इतकं सगळं मान्य करून आता दुसऱ्या बाजूला एक टाचणी.

स्वीकाराच्या चळवळीत एक पंथ असा आहे, की ज्याला वजनाचा आणि आरोग्याचा संबंधच मंजूर नाही. मधुमेहाचं नाव काढलं की तुम्ही जाडद्वेष्टे. झोपेत श्वास अडकतो म्हटलं की तुम्ही भांडवलशाहीचे हस्तक. ठीक. पण गुडघ्याला हॅशटॅग वाचता येत नाही. तो जिना चढताना बोलतोच.

लगेच सरसावून बसू नका, इच्छाशक्तीवाले! 'तोंडावर ताबा ठेवला की झालं' म्हणणारे तुम्ही. अमेरिकेत वजन उतरवायची एक टीव्ही स्पर्धा होती. प्रशिक्षक, घाम, अश्रू, बक्षीस, सगळं होतं. तिच्या चौदा स्पर्धकांना संशोधकांनी सहा वर्षांनी पुन्हा तपासलं. २०१६ मध्ये निष्कर्ष आले. तेरा जणांचं वजन परत वाढलेलं. चौघं तर स्पर्धेआधी होते त्याहून जाड. आणि सहा वर्षांनंतरही त्यांचं शरीर अपेक्षेपेक्षा रोज सुमारे पाचशे कॅलरी कमी जाळत होतं. दुष्काळ पडलाय असं समजून शरीर काटकसरीला लागलं होतं, आणि कुणी सांगूनही ऐकत नव्हतं.

त्यांची इच्छाशक्ती साऱ्या अमेरिकेनं टीव्हीवर पाहिली होती. आणखी किती दाखवायची?

बरं, जाड म्हणजे नक्की किती जाड? हे ठरवणारा बीएमआय कुणा वैद्यानं काढलेला नाही. १८३० च्या दशकात केतले नावाचा बेल्जियन खगोलशास्त्रज्ञ 'सरासरी माणूस' शोधत होता. रोग त्याच्या डोक्यातही नव्हता. १९७२ मध्ये त्या सूत्राला आजचं नाव मिळालं. १९९८ मध्ये अमेरिकेनं वाढीव वजनाची रेघ सत्तावीस-अठ्ठावीसवरून पंचविसावर आणली. रात्री नॉर्मल झोपलेली कोट्यवधी माणसं सकाळी जाडी होऊन उठली.

एक घासही न खाता.

आपल्याकडे रेघ त्याहून खाली. तेविसाला वजन वाढीव, पंचविसाला लठ्ठ. हा भारतीयांवर अन्याय वाटत असेल, तर पुण्याला चला.

२००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक फोटो छापून आला. दोन डॉक्टर शेजारी शेजारी. लंडनचे जॉन युडकिन आणि पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे चित्तरंजन याज्ञिक. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३. म्हणजे दोघंही कागदावर सडपातळ. मग अंगातली चरबी मोजली. युडकिन ९.१ टक्के. याज्ञिक २१.२ टक्के. वजनकाट्याला जे आयुष्यभर कळलं नसतं, ते एका फोटोनं सांगितलं. स्वतःच्या चरबीचा आकडा दशांश चिन्हासकट जगापुढे मांडणारा पुणेकर तसा विरळाच.

ते तिथंच थांबले नाहीत. त्यांच्या गटानं पुण्याजवळच्या सहा खेड्यांतली नवजात बाळं मोजली. सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडच्या बाळांपेक्षा बरंच कमी. स्नायू कमी, पण कातडीखालची चरबी मात्र राखलेली. हा हिशेब आईच्या पोटातच सुरू झालेला. तेव्हा 'आमचा बाब्या काटकुळा आहे, त्याला कसला आलाय डायबिटीस' म्हणणाऱ्या आजींनी जरा सबुरीनं घ्यावं. बाब्याचं काही खरं नाही.

आता मघाचे काका आठवा. दंड काडीसारखे, पोट पुढे. स्वतःला सडपातळ समजून भाचीला सल्ले देणारे. भारतीय पुरुषाच्या कंबरेचा धोक्याचा आकडा ९० सेंटीमीटर आहे, बायकांचा ८०. जानेवारी २०२५ मध्ये 'लॅन्सेट'च्याच आयोगानंही बजावलं, की नुसत्या बीएमआयवर लठ्ठपणा ठरवू नका, कंबर मोजा, अवयव कसे चाललेत ते बघा.

टेप आणू का, काका?

नाही आणणार. कारण ते काम डॉक्टरांचं, दार लावून करायचं. पंगतीत टेप काढून कुणाची शुगर उतरल्याचं ऐकिवात नाही. उलट लाज काढली की माणूस आधी डॉक्टर टाळतो आणि मग फरसाणाचा डबा उघडतो. हे कळायला संशोधन लागत नाही, तरीही ते झालेलं आहे.

आणि या साऱ्या कोलाहलात एक बाई कुणाला दिसतच नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९ ते २१, देशातल्या २४ टक्के स्त्रियांचं वजन जास्त निघालं. सुमारे १९ टक्के स्त्रियांचं कमी. त्या दुसऱ्या बाईसाठी मोहीम नाही, लेगिंग नाही, हॅशटॅग नाही. तिला आहे तसं स्वीकारून आपण कधीचेच मोकळे झालोय.

मराठी घराला मात्र त्याहून मोठा प्रश्न पडलेला असतो. दीक्षित की दिवेकर? डॉ. जगन्नाथ दीक्षित म्हणतात, दिवसातून दोनदाच जेवा, पंचावन्न मिनिटांत आटपा. ऋजुता दिवेकर म्हणतात, थोडं थोडं खात राहा, आजीच्या हातचं खा, तुपाला घाबरू नका. २०१८ च्या सुमारास यावरून घराघरांत तट पडले होते. सासरा दीक्षित, सून दिवेकर. काही हुशार घरांनी सुवर्णमध्य काढला. दिवेकरांप्रमाणे दर दोन तासांनी खायचं आणि दीक्षितांप्रमाणे प्रत्येक वेळी पंचावन्न मिनिटं.

तो वादही आता जुना झाला. मार्च २०२५ मध्ये मौंजारो भारतात आलं, जूनमध्ये वेगोवी. आठवड्याला एक टोचणी आणि भूकच गप्प. सुरुवातीला मौंजारोच्या छोट्या कुपीचा भाव साडेतीन हजार. औषध खरंच काम करतं, उगाच नाकं मुरडू नयेत. फक्त ते थांबवलं की गंमत कळते. वेगोवीतलं औषध, सेमाग्लुटाइड, बंद केल्यावर उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग वर्षभरात परत आल्याचं चाचणीत दिसलं. हप्ता चालू, तोवर कंबर चालू.

त्यातून 'जाड असणं हा गुन्हा नाही' म्हणणाऱ्या काही पाश्चात्त्य तारका बघता बघता निम्म्या झाल्या. त्यांच्या चाहत्या संतापल्या. आम्हाला फसवलं म्हणे! म्हणजे तिनं जाड राहायचंही लोकांसाठी आणि बारीक व्हायचं तेही लोकांना विचारून. यात आणि मंगल कार्यालयातल्या मावशींत फरक कुठला?

मावशी मात्र काळाबरोबर आहेत. भाची बारीक दिसली की आता कौतुक करत नाहीत. डोळे बारीक करून विचारतात, 'इंजेक्शन घेतलंस ना?' ती म्हणते, 'नाही हो, नुसती चालते.' मावशींचा विश्वास बसत नाही.

आणि भाची जाडच राहिली, तर? सेमाग्लुटाइडच्या भारतातल्या पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतची. त्यानंतर स्वस्त आवृत्त्यांना रान मोकळं. मावशींनी तारीख लिहून ठेवलीय. जिलबीचं ताट पुढे करत त्या म्हणणारच,

'अगं, आता तर जेनेरिक पण मिळतं! घे, अजून एक घे.'