चढ वाढला की इतिहास वाढतो

पुण्याच्या माणसाला जगातला कुठलाही डोंगर दाखवा, तो आधी विचारणार, "सिंहगडाच्या मानानं कसा आहे?" जॉर्जियातल्या स्तेपान्त्समिंदा गावात आमच्या काकांनी नेमकं हेच विचारलं आणि उत्तरही स्वतःच दिलं. समोर पाच हजार मीटरच्या वर गेलेला, बर्फानं माखलेला काझबेक आणि त्याच्या पुढ्यातल्या डोंगरावर गेर्गेतीचं चौदाव्या शतकातलं चर्च. काकांना मात्र नाश्त्याच्या टेबलावर आकडेच दिसत होते.

"गाव १७४० मीटरवर, चर्च २१७० वर. म्हणजे चढ अवघा ४३० मीटर. सिंहगड याहून जास्त, आणि तो मी दर रविवारी चढायचो."

कुठल्या सालातले रविवार, हे आमच्या घरात कुणी विचारत नाही.

"वर गाडी जाते ना पण?" काकू म्हणाल्या. जाते. आता थेट चर्चपर्यंत पक्की सडक आहे आणि चौकात डेलिका गाड्यांचे चालक "समेबा! समेबा!" करत उभे असतात. समेबा म्हणजे वरचं चर्च, पण सूर अस्सल स्वारगेटचा. काकांनी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ते चढाईच्या तयारीत होते, म्हणजे हाफपँटमध्ये.

तेर्गी नदीवरचा पूल ओलांडला की गेर्गेती गाव लागतं. दगडी कुंपणं, चढत्या गल्ल्या आणि गल्लीच्या मधोमध रवंथ करणाऱ्या गायी. त्या बाजूला होत नाहीत, आपण व्हायचं. तिथंच कानाला पिवळा बिल्ला लावलेलं एक दांडगं कुत्रं आम्हाला येऊन मिळालं. बिल्ला म्हणजे लस टोचल्याची खूण. आधी ते दुसऱ्याच एका गटाबरोबर निघालं होतं, पण काकूंच्या पिशवीतला दाण्याचा लाडू मिळताच त्यानं पक्ष बदलला. यावर काकांनी एक राजकीय टिप्पणी केली, ती इथे नको.

गाव संपलं आणि खरा चढ लागला. पाच मिनिटांत काका थांबले. "व्ह्यू बघा जरा!" पाच मिनिटांपूर्वीचाच व्ह्यू होता. मग म्हणाले, "इतक्या उंचावर देऊळ का बांधलं असेल?" संकट आलं की जुन्या राजधानीचा, म्हणजे म्त्स्खेताचा, धार्मिक खजिना, त्यातला संत निनोचा द्राक्षवेलीचा क्रूससुद्धा, इथं आणून लपवत असत, हे त्यांनी धापा टाकत सांगितलं. पुढच्या वळणावर रोपवे आला, म्हणजे गोष्टीत. १९८८ साली सोव्हिएत सरकारनं थेट चर्चपर्यंत रोपवे बांधला. पवित्र जागा बाटली असं गावकऱ्यांना वाटलं आणि त्यांनी लवकरच तो मोडून टाकला.

"गावकऱ्यांना गुडघे नव्हते वाटतं," काकू म्हणाल्या आणि पुढे गेल्या. त्या मधे कुठंच थांबत नव्हत्या. बोलत तर त्याहून नव्हत्या.

चढ जसजसा उभा होत गेला तसतसा इतिहास सविस्तर होत गेला. शेवटच्या टप्प्यात तर काका एका दगडावर बसून पुराणातच शिरले. ग्रीकांचा प्रोमिथियस, तसा इथला अमिरानी. देवाशी वैर घेतलं म्हणून त्याला काझबेकच्या पोटात साखळदंडानं बांधून ठेवलंय.

"कधी सुटणार तो?" आमच्या चिरंजिवांनी विचारलं.

"आजोबा उठले की," काकूंचा आवाज वरून आला.

वर पोचलो तर डेलिकातून उतरलेली मंडळी इस्त्रीच्या कपड्यांत फोटो काढत होती. काकांनी त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की एकानं नकळत वाट सोडली. चर्चच्या दाराशी मात्र काकांचीच वाट अडली. बायकांनी डोकं झाकायचं, स्कर्ट नेसायचा आणि पुरुषांनी उघड्या गुडघ्यांनी आत यायचं नाही. काकूंनी ओढणी डोक्यावर घेतली, खुंटीवरचं एक वस्त्र कमरेला गुंडाळलं आणि गेल्यासुद्धा. काकांच्या वाट्याला मळखाऊ निळा, बारीक फुलांचा, नाड्या असलेला घेर आला. त्यांनी तो लुंगीसारखा खोचायचा प्रयत्न केला, पण नाडी पुढे येईना आणि घेर मागे जाईना. शेवटी काकूंनी बाहेर येऊन, एक अक्षर न बोलता, मागे गाठ मारून दिली.

आत अंधार, मेणाचा वास आणि धुरानं काळवंडलेल्या भिंती. फोटोला बंदी आहे, त्यामुळे काकांचा तो अवतार इतिहासजमा झाला. काकूंनी हात जोडले, मेणबत्ती लावली आणि बाहेर येऊन चर्चला प्रदक्षिणा घातली. कुत्रं मागोमाग.

उतरताना इतिहास झाला नाही. पोटात कावळे ओरडत होते. गावात आल्या आल्या खिंकाली मागवली. दिसायला थेट मोदक, फक्त आत खिमा, बटाटा किंवा मश्रूम. शेंड्याला धरायचं, एक घास घेऊन आतला रस ओढायचा आणि पिठाचा तो जाड शेंडा ताटात ठेवायचा. कुणी किती खाल्ले ते शेंड्यांवरून कळतं. काकांनी ताटाच्या कडेला शेंड्यांची रांग लावली आणि अभिमानानं काकूंच्या ताटाकडे पाहिलं. तिथं एकही नव्हता.

"तू खाल्लंच नाहीस काही?"

"अन्न टाकायचं नसतं," काकू म्हणाल्या आणि त्यांच्या रांगेतला पहिला शेंडा उचलला.